भुंग्याचा दात

माझ्या मेहुणीला नवं क्लॅरिनेट आणायचं होतं आणि मला गाडी चालवता येते, एवढ्याच कारणाने मी त्या कारखान्यात गेलो. कारखाना हा शब्द तिचा. प्रत्यक्षात त्या एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या होत्या. खाली सायकलींचं दुकान, वर सतत फर्निचर सरकवणारं कुठलंसं कुटुंब. जिन्यातच जवसाच्या तेलाचा वास येत होता आणि त्या वासाबरोबर एक घुमणारा आवाज खालीवर होत होता. पंखा असावा असं मला वाटलं.

"ते काका आहेत," मेहुणी म्हणाली. "गुणगुणतात. आवाज थांबला तर समजायचं, काहीतरी बिघडलं."

आम्ही दारापाशी पोचलो आणि आवाज थांबला.

वाद्यांच्या जगात या गृहस्थांना तोंडावर काका आणि पाठीमागे भुंगा म्हणतात. नाव ठेवणाऱ्याचं निरीक्षण चांगलं होतं. गोल बांधा, काळा एप्रन, घशात अखंड घूंघूं, आणि एका जागी बसण्याची जन्मजात असमर्थता. फरक इतकाच की भुंगा निदान फुलावर तरी टेकतो.

"या, या, बसा," असं म्हणून ते स्वतः खिडकीकडे गेले. खिडकी उघडली. बाहेर पाहिलं आणि घाईघाईने पुन्हा बंद केली. मग लेथपाशी गेले, त्याच्यावरचा भुसा झटकला, तो जमिनीवर पडलेला पाहून अस्वस्थ झाले, झाडू आणायला आतल्या खोलीत गेले आणि झाडूऐवजी चहाचा कप घेऊन आले. कप माझ्या हातात दिला. तो त्यांचाच होता, अर्धा प्यालेला.

काकू कोपऱ्यात दिव्याखाली बसून एका चावीच्या पोटाला भोक झाकणारं मऊ पॅड चिकटवत होत्या. क्लॅरिनेटच्या अंगावर चांदीसारख्या चकाकणाऱ्या ज्या चाव्या असतात, त्यांचं खातं काकूंचं. त्यांनी मान वर केली नाही. ज्या घरात एक माणूस सतत हलत असतो तिथे दुसऱ्याला पुतळा व्हावं लागतं. संसाराचा तोल तसाच राहतो.

"झालं का काका?" मेहुणीने विचारलं. ती एका वाद्यवृंदात वाजवते. तिच्या जुन्या क्लॅरिनेटला थंडीत उभी चीर गेली होती आणि तेव्हापासून ती उसन्या वाद्यावर दिवस काढत होती.

"झालंय. म्हणजे झाल्यातच जमा आहे."

"म्हणजे नाही झालं," काकू चावीला उद्देशून म्हणाल्या.

तेव्हा मी काकांचा चेहरा नीट पाहिला. वरचा ओठ एका बाजूने सुजला होता. त्यामुळे चेहऱ्यावर सगळ्या जगाबद्दल तुच्छता दिसत होती. स्वभावात ती नसावी, कारण मनुष्य दर दोन वाक्यांनी "राग मानू नका हं" म्हणत होता.

"दात?" मेहुणी म्हणाली.

"काही नाही, हवा लागलीये."

"हवा गेल्या पावसाळ्यापासून लागलीये," काकू म्हणाल्या. "मुळापर्यंत गेलीये. समोर माझा सख्खा भाऊ दातांचा डॉक्टर आहे. त्याच्या खिडकीतून यांचं तोंड दिसतं, म्हणून हे खिडकी बंद ठेवतात."

इथे त्या दाताबद्दल सांगायला हवं, कारण सगळं प्रकरण त्याच्यावर उभं आहे.

क्लॅरिनेटचं तोंडाकडचं टोक, म्हणजे माउथपीस, पक्ष्याच्या चोचीसारखं असतं. त्याला खालून वेताची पत्ती बांधलेली असते. वरचे पुढचे दात चोचीच्या पाठीवर टेकवायचे, खालचा ओठ पत्तीखाली घ्यायचा आणि फुंकायचं. पाहणाऱ्याला वाटतं वाद्य बोटांत आहे. खरं ते दातांत असतं. वाजवणाऱ्याला आपला सूर कानात पोचण्याआधी दातांतून डोक्यात पोचतो. भुंगाकाकांनी आजवर जितकी क्लॅरिनेटं बनवली, त्यांतलं प्रत्येक भोक याच दाताला विचारून कोरलं होतं. "कान काय, कुणालाही असतात," असं ते म्हणत. दात गेला की चावा बदलणार. चावा बदलला की सूर बदलणार. मग आपण केलेलं चांगलं की वाईट हे आपल्यालाच कळणार नाही. आणि ज्याला ते कळत नाही त्याने पुन्हा खुर्च्यांचे पाय घडवायला जावं. असा त्यांचा सरळ तर्क होता, आणि म्हणून तो दात ते जिवापाड सांभाळत होते. दाताने मात्र त्यांना सांभाळायचं केव्हाच सोडून दिलं होतं.

खुर्च्यांचे पाय हे काही बोलण्याच्या ओघात आलेलं नव्हतं. तरुणपणी ते खरोखरच एका फर्निचरवाल्याकडे लेथवर पाय घडवत. तिथे चार पाय सारखे झाले की खुर्ची पुरी व्हायची आणि काम संपायचं. काम संपणं त्यांना सहन होत नसे. एकदा कुठल्याशा बँडवाल्याने क्लॅरिनेटचं खालचं कर्ण्यासारखं तोंड फुटलं म्हणून तसंच दुसरं करून मागितलं. त्यांनी केलं, बसवलं, आणि बसलं की नाही हे पाहायला फुंकलं. बदकाची मान पिरगाळल्यासारखा आवाज आला. दुसरा एखादा माणूस तिथेच थांबला असता. यांना वाटलं, हे आपल्याच्याने कधी पुरं होणार नाही. त्या आनंदात त्यांनी धंदा बदलला.

काकू त्यांना एका स्प्रिंगमुळे भेटल्या. त्यांच्या वडिलांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. चाव्यांच्या बारीक स्प्रिंगा नीट करून घ्यायला भुंगाकाका तिथे जात आणि गल्ल्यामागे बसलेली मुलगी त्या करून देई. एकच स्प्रिंग इतक्या वेळा आली की सासरेबुवांनी शेवटी ती भिंगाखाली धरून पाहिली आणि ठीक आहे असा निर्वाळा दिला. पुढचं लग्न हे त्या तपासणीचं फळ. काकूंचा धाकटा भाऊ तेव्हा दुकानात बसून उघड्या घड्याळांत टोकदार वस्तू खुपसत असे. त्याला पुढे दातांचा डॉक्टर होण्यावाचून इलाज नव्हता.

"घरात दोघं भोकंच पाडतात," काकू म्हणायच्या. "एक लाकडाला, एक दाताला. दोघांचंही म्हणणं, अजून थोडं कोरायला हवं."

तर मेहुणीने हात पुढे केला. "बघू तरी."

काकांनी क्लॅरिनेट आणलं. शिसवीहून जड, पाण्यात टाकलं तर बुडेल असं काळं लाकूड. असं लाकूड त्यांच्याकडे वाळायला वर्षानुवर्षं फळीवर पडून असतं. काकूंना सोडलं तर त्या घरात स्वस्थ राहणारी तेवढी एकच गोष्ट. तेल पिऊन ते आतून उजळल्यासारखं दिसत होतं. मेहुणीने पत्ती तोंडात धरून ओली केली, बांधली, आणि एक लांब सूर लावला.

मला तो छान वाटला. मला सगळेच छान वाटतात. पण मेहुणीच्या भुवया वर गेल्या आणि काका गुणगुणायचे थांबले. तिने दुसरा सूर लावला, मग तिसरा. टेबलावर सूर दाखवणारं एक छोटं यंत्र होतं. त्याचा काटा प्रत्येक वेळी मधली रेघ ओलांडून उजवीकडे जात होता, परीक्षेत उत्तर माहीत असलेल्या पोरासारखा.

"चढं आहे काका."

"खोली गरम आहे." ते खिडकीपाशी गेले, पण उघडली नाही. "गरम हवेत चढतंच."

"खोली गार आहे."

"मग तुझी पत्ती जाड आहे."

"नेहमीचीच आहे."

"तुम्ही मंडळी हल्ली फार जोरात चावता. राग मानू नकोस हं. वाद्यवृंदात बसून बसून सवय लागते. नवं आहे, वाजवून वाजवून बसेल खाली."

"नाचता येईना, अंगण वाकडं," कोपऱ्यातून आवाज आला.

"तू मध्ये बोलू नकोस."

"मी चावीशी बोलतेय."

मेहुणीने माउथपीसखालचा जोड थोडा बाहेर ओढला. तसं केलं की नळी लांबते आणि एकूण सूर उतरतो. आता वरचे काही सूर ठिकाणावर आले आणि खालचे खड्ड्यात गेले. तिने क्लॅरिनेट मांडीवर ठेवलं आणि काही बोलली नाही. कसबी माणसाला शिव्या चालतात. गिऱ्हाईक गप्प बसलं की तो कासावीस होतो. काका खोलीभर फिरू लागले. लेथ, खिडकी, फळी, आतली खोली, पुन्हा लेथ. वरच्या कुटुंबानेही त्याच सुमाराला एक जड कपाट हलवायला घेतलं.

"परवा रात्रीपर्यंत सूर बरोबर होता! मी स्वतः वाजवून पाहिलाय!"

"मग आताही वाजवा की," काकू म्हणाल्या.

त्यांनी वाद्य घेतलं, फुंकलं. काटा मधल्या रेघेवर येऊन निमूट उभा राहिला. एक सूर, दुसरा, तिसरा. सगळे बरोबर. त्यांनी विजयाने आमच्याकडे पाहिलं, सुजलेल्या ओठातून जितकं विजयाने पाहता येतं तितकं.

"पाहिलंत?"

"पाहिलं," काकू म्हणाल्या. त्यांनी हातातली चावी खाली ठेवली. आम्ही आल्यापासून पहिल्यांदाच. "तुम्ही वाकडं वाजवता."

"मी?"

"मी दोनदा सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, कानात तेल घाल."

काका माझ्याकडे वळले. "तुम्हाला संगीतातलं काही कळतं का हो?"

"नाही."

"उत्तम. मग नीट बघा आणि सांगा." आणि त्यांनी पुन्हा फुंकलं.

मी पाहिलं. त्यांनी माउथपीस ओठांच्या मध्यावर घेतलंच नव्हतं. सिगरेट ओढणारे ती तोंडाच्या कोपऱ्यात लटकवतात, तसं ते डाव्या बाजूला सरकलं होतं. तिथल्या सुळ्यापाशी ते सैलसं टेकलं होतं आणि दुखरा दात हवेत मोकळा होता. मी जे दिसलं ते सांगितलं. साक्षीदार म्हणून माझी कारकीर्द तिथेच संपायला हरकत नव्हती.

त्यांनी हाताने चाचपून पाहिलं. खरोखर त्यांना ठाऊक नव्हतं. तोंड रोज केसभर सरकत गेलं होतं, मालकाला न विचारता. सैल तोंडाने वाजवलं की सूर उतरतो. भोक आतून रुंद केलं की सूर चढतो. सूर उतरलेला ऐकू आला की हे बिचारे चाकू घेऊन भोक आतून कोरत. असं एकेक भोक कोरून त्यांनी क्लॅरिनेटची वरची अख्खी नळी आपल्या वाकड्या तोंडाच्या मापाने बरोबर केली होती. जगात सरळ तोंडाची माणसं अधिक आहेत, एवढाच त्यातला दोष.

शंका नको म्हणून त्यांनी माउथपीस मध्यावर घेतलं आणि दुखऱ्या दाताने घट्ट चावलं. डोळ्यांतून पाणी आलं, पण सूर लागला. काटा उजवीकडे धावत गेला.

बोललेला शब्द आणि कापलेले केस परत येत नाहीत असं म्हणतात. शब्दाचा अर्थ बदलून सांगता येतो आणि केस वाढतात. मोठं झालेलं भोक मात्र मोठंच राहतं. मेण भरून ते तात्पुरतं लहान करता येतं, पण ते त्यांना सुचवायचं धाडस कोणी केलं नाही.

"मागची दोन!" ते एकदम म्हणाले. "पावसाळ्यानंतर दोन गेलीत इथून! फोन कर. दोघांनाही फोन कर."

"एकाचा कालच येऊन गेला," काकू म्हणाल्या. "फार सुरेख झालंय म्हणाला."

"खोटं बोलतोय!"

"दुसऱ्याचा त्याच्या आधी आला होता. तोही तेच म्हणाला."

"दोघंही खोटं बोलतायत! तोंडावर कोण सांगतं?" कौतुकाने माणूस इतका हादरलेला मी पूर्वी पाहिला नव्हता. ते आतल्या खोलीत गेले. आत काहीतरी पडलं. बाहेर आले तेव्हा हातात लाकडाची एक काळी नळी होती. "संपलं," ते म्हणाले. "दात असून ही गत. नसल्यावर काय? संपलं सगळं."

"मग ते काय हातात?" काकूंनी विचारलं.

त्यांनी हाताकडे पाहिलं. तो क्लॅरिनेटचा वरचा भाग होता, दुसरा. लाकूड घडवताना फुटतं, म्हणून ते प्रत्येक वेळी एकाच ओंडक्यातून जोडी काढतात. भोकं पाडलेली होती, पण मुद्दाम लहान ठेवलेली. ती कोरून मोठी करणं म्हणजेच सूर लावणं.

"याला सूर कुणी लावायचा?" ते म्हणाले. "या तोंडाने?"

"हिला तोंड आहे की," काकू मेहुणीकडे बोट दाखवून म्हणाल्या.

मला वाटलं आता भांडण होणार. ते खिडकीपर्यंत गेले आणि परत आले. लेथपर्यंत गेले, परत आले. नळी मेहुणीच्या हातात दिली, काढून घेतली, पुन्हा दिली. "दुसऱ्याच्या तोंडाने सूर लावायचा म्हणजे..." त्यांना उपमा सुचेना. "दुसऱ्याच्या चष्म्याने वाचायचं."

"दिसत नसेल तर वाचावं," काकू म्हणाल्या आणि बिघडलेल्या नळीवरच्या चाव्या उतरवायला लागल्या.

पुढची दुपार मी एका स्टुलावर काढली. काकूंनी चाव्या नव्या नळीवर चढवल्या. मेहुणी मधोमध उभी राहून फुंकायची, काका वाद्य काढून घ्यायचे, लांब पात्याचा बारीक चाकू भोकातून आत घालून कड खरवडायचे, फुंकर मारून भुसा उडवायचे, परत द्यायचे. सुरुवातीला प्रत्येक वेळी ते सवयीने स्वतःच माउथपीस तोंडाकडे न्यायचे आणि काकू नुसतं "अहो" म्हणायच्या. त्या अक्षरद्वयात त्यांनी किती प्रकारचे अर्थ भरले असतील, याचा कोश व्हायला हवा.

"कसं वाटतंय?" काकांनी विचारलं.

मेहुणीने मला नंतर सांगितलं की हा प्रश्न त्यांनी आजवर कोणालाही विचारलेला नव्हता. सूर बरोबर आहे की नाही हे ते सांगत. वाजवणाऱ्याने मान डोलवायची, एवढाच रिवाज.

"थोडा कोंडल्यासारखा आहे."

"कोंडलेला? हा? मोकळा आहे."

"तुम्ही समोर उभे आहात, तुम्हाला मोकळा. माझ्या तोंडात कोंडतोय."

"काटा बरोबर दाखवतोय."

"काट्याला वाजवायचं नाहीये काका. मला वाजवायचंय."

त्यांनी चाकू उचलला, ठेवला. "एवढं कोरलं आणि बिघडलं, तर तिसरी नळी नाही."

"कोरा."

तिच्या शब्दावर त्यांनी ते भोक कोरलं. चाकू धरलेला हात हा त्यांच्या अंगावरचा एकमेव स्थिर अवयव असावा. तिने वाजवलं आणि मान डोलवली. त्यांनी मान डोलवली नाही. ते भिंतीपर्यंत मागे सरकले आणि तिथून म्हणाले, "पुन्हा." मग आतल्या खोलीत गेले आणि तिथून म्हणाले, "पुन्हा." आपलंच क्लॅरिनेट बाहेरून कसं ऐकू येतं हे त्यांनी कधी नीट ऐकलं नव्हतं, आजवर ते कायम आतून, हाडातून ऐकलं होतं. बाहेर येऊन ते काहीशा संशयाने म्हणाले, "असं वाजतं होय हे?"

"चांगलं की वाईट?" मी विचारलं.

"ओळखीचं वाटत नाही," ते म्हणाले. एवढ्यात दार वाजलं आणि पांढऱ्या कोटातला एक उंच मनुष्य आत आला.

"दाजी, खिडकी बंद केली म्हणजे मी आंधळा होत नाही," दातांचा डॉक्टर म्हणाला. "गोळ्या संपल्या, सूज बरीच उतरलीये. आज काढायचा. सगळ्या पेशंटांना लवकर घालवलंय."

"हे वाद्य झालं की."

"ते मागच्या वाद्याच्या वेळी झालं बोलून."

"हे झालंय," मेहुणी म्हणाली. काकांनी तिच्याकडे तुच्छतेने पाहिलं. ओठाची उरलेली सूज त्या कामी उपयोगी पडली.

"काय करणार ताई," डॉक्टर काकूंना म्हणाला. "आपलेच दात, आपलेच ओठ. बाहेरचा पेशंट असता तर बांधून काढला असता."

काका गुणगुणू लागले, थांबले. मग एप्रनच्या गाठीशी झटापट करत म्हणाले, "चल. आता त्या दाताला विचारायचंय काय? सांगून सवरून वाकडं सांगतो मेला."

"तुम्हीपण जा हो बरोबर," काकू मला म्हणाल्या. "एकटे सोडले तर दुसऱ्या दाराने परत येतील."

रस्ता ओलांडला की दवाखाना. दवाखान्यातल्या खुर्चीवर त्यांना बसवणं हे डॉक्टरच्या शिक्षणात नसलेलं काम होतं. ते पाय टेकवायच्या जागी डोकं ठेवू पाहत, दिव्याचा स्क्रू सैल आहे म्हणून तो आवळत. शेवटी इंजेक्शन दिलं. "आता पाच-दहा मिनिटं थांबायचं. ओठ बधिर होऊ दे. हलू नका," असं सांगून डॉक्टर हात धुवायला गेला. काकांचा ओठ हळूहळू लोंबला. ते जिभेने दात शोधत असावेत आणि तो सापडत नसावा. चेहरा एखाद्या अनोळखी खोलीत जाग आलेल्या माणसासारखा झाला.

समोरून क्लॅरिनेट ऐकू येत होतं. मेहुणी नवं वाद्य हाताला बसावं म्हणून खालीवर सूर लावत होती. काकूंनी खिडकी उघडली असावी. खालून एक ट्रक गेला, सायकलवाल्याने कुठे तरी हातोडी मारली, आणि त्या सगळ्यातून तो आवाज सरळ येत होता. मला छान वाटला.

काकांनी एक बोट वर केलं.

"काय?" मी विचारलं.

त्यांनी बोट हलवलं, मग खुर्चीतून उतरले. गळ्यात बांधलेला कागदी रुमाल तसाच. "दाजी!" आतून आवाज आला, "दाजी, बसा!" पण ते जिन्यात होते. मी मागे धावलो. रस्ता त्यांनी न बघता ओलांडला. एका स्कूटरवाल्याने त्यांचा उद्धार केला आणि त्यांनी त्याला बधिर ओठाने "राग मानू नका हं" असं काहीसं उत्तर दिलं.

वर पोचताच त्यांनी मेहुणीच्या हातून वाद्य घेतलं आणि काहीतरी बोलले. आम्हाला फक्त फसफस ऐकू आली.

"डाव्या हाताच्या तिसऱ्या बोटाचं भोक, म्हणतात," काकूंनी अर्थ लावला. "तिथे आवाज बारीक होतो. बाजूच्या सुरांपेक्षा."

मेहुणीने तो सूर लावला. त्याच्या अलीकडचा लावला, पलीकडचा लावला. "हो," ती म्हणाली. "मला इतका वेळ कळलं नाही."

ते चाकू घेऊन वाकले. पात्याची फारच हलकी हालचाल, दोन कण भुसा. तेवढ्यात डॉक्टर जिना चढून आला, एका हातात चिमटा, दुसऱ्यात कापूस, धापा टाकत.

"इंजेक्शन उतरायच्या आत बसा म्हणजे बसा! पुन्हा देणार नाही मी!"

काकांनी बोटाने खूण केली: थांब. मेहुणीला खूण केली: वाजव.

"तिथून कसं ऐकू आलं तुम्हाला?" डॉक्टर चिडून म्हणाला. "अर्धं तोंड मेलंय तुमचं. काही जाणवत तरी आहे का?"

काका त्याच्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी एका बोटाने आपला कान चाचपला. ते लेथच्या स्टुलावर टेकले, तेही अर्धेच, आणि तोंड उघडलं. काकूंनी कामाचा दिवा ओढून त्यांच्या चेहऱ्यावर धरला. या दिव्याला त्यांनी कधी कोणाला हात लावू दिला नव्हता. डॉक्टरने नाइलाजाने चिमटा आत घातला. काकांनी एक हात हवेत फिरवून मेहुणीला सांगितलं, थांबू नकोस. ती घाबरून वाजवत राहिली, वरून खाली, एकेक सूर. दात निघाला तेव्हा ते दाताकडे नाही, तिच्या बोटांकडे पाहत होते. डॉक्टरने तो भुशात टाकला. काकांनी मान वळवूनही पाहिलं नाही. कापूस दातांत धरला आणि खालचे सूर आले तसे त्यांच्या कपाळावर आठी पडली.

ते काहीतरी बोलले.

"खाली एक जागा अजून नीट नाही म्हणतात," काकू म्हणाल्या. "खालच्या नळीवर. थोडंसंच."

"मला बरोबर वाटतंय," मेहुणी म्हणाली.

ते पुन्हा बोलले.

"आधी पलीकडच्या फुटपाथवर जाऊन ऐकतो म्हणतात. मग कोरतो."

मेहुणीने माझ्याकडे पाहिलं. ते तोंडाला रुमाल लावून जिन्याने खाली जाईपर्यंत तिने वाट पाहिली. मग तिने क्लॅरिनेटचे भाग भराभर सुटे केले, पुसले, पेटीत घातले आणि पेटीची कडी लावली. "काकू, येते मी."

"ये," काकू म्हणाल्या. "मी सांगते त्यांना. लवकर जा, चाकू त्यांच्या खिशातच आहे."

आम्ही खाली उतरलो तेव्हा ते समोरच्या फुटपाथवर उभे होते. मान कलती, डोळे मिटलेले, वरच्या खिडकीकडे कान लावून सूर येण्याची वाट पाहत. गाडीचं दार वाजलं तसे डोळे उघडले. आमच्याकडे पाहिलं, वर खिडकीकडे पाहिलं, मेहुणीने छातीशी धरलेली पेटी पाहिली, आणि एका हाताने गाल धरून दुसरा हात उंच हलवत ते रस्ता ओलांडायला निघाले.

"चालवा, भावजी."

"पण ते काहीतरी सांगतायत."

"म्हणूनच म्हणते, चालवा."